ताटापुढचा पाढा

किशोर गावंडे सरांना बारा दिवसांपासून अन्न पचत नव्हतं. का पचत नव्हतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच ते कोणाला सांगत नव्हते.

अकोल्यातल्या त्यांच्या घरी उपचारांची मात्र चंगळ होती. बायकोने, रागिणीने, पहिल्या दिवशी ओवा आणि काळं मीठ दिलं. दुसऱ्या दिवशी जिऱ्याचं पाणी. मग पोटावर हिंग चोळून झाला, मेडिकलमधली गुलाबी बाटली झाली, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं आलं-लिंबू झालं. सर निमूटपणे सगळं घेत. पण दोन घास खाल्ले की छातीत जळजळ सुरू व्हायची आणि तिसऱ्या घासाला पोट दगडासारखं घट्ट व्हायचं.

"तेल बंद केलं, तिखट बंद केलं, आता का अन्नच बंद करू?" त्या सकाळी रागिणी म्हणाली. "डब्बा रोज भरलेला वापस येऊन राहिला. शाळेत काही झालं का?"

"काही नाही. हवामान बदललं."

"हवामान सगळ्याइचंच बदललं. मले तं भूक लागते."

यावर सरांनी हेल्मेट डोक्यात घातलं आणि गाडी काढली. बाळापूरच्या पुढे अकरा किलोमीटरवर जांबखेड नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते चौथीला शिकवत.

वाचकहो, गावंडे सर वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटण्याची शक्यता आहे. अठरा वर्षांची नोकरी, रजा नावालाच, पोरांच्या वह्या घरी आणून तपासणारा माणूस. त्यांना एकच हौस होती. आपल्या वर्गातल्या प्रत्येक पोराला तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ यायला हवेत. त्या हौसेपायी मागच्या वर्षी त्यांना एक युक्ती सुचली. दुपारी शाळेत खिचडी शिजते, पोरं थाळ्या घेऊन रांगेत उभी राहतात. तेवढा वेळ फुकट का घालवायचा? सर पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. थाळी पुढे आली की एक आकडा विचारायचा.

"तेरा साते?"

पोरगं "एक्क्याण्णव" म्हणालं की खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाईंचा डाव पातेल्यात जायचा. उत्तर नाही आलं तर पोराने रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. उपाशी कोणालाच ठेवायचं नाही, हा सरांचा नियम होता, आणि या नियमाचा त्यांना अभिमानही होता.

पाढे खरंच पाठ झाले. तालुक्याहून साहेब आले, त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला, तो शिक्षकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. 'ताटापुढे पाढा' हे नाव साहेबांनीच दिलं. जिल्ह्यातल्या उपक्रमशील शिक्षकांच्या यादीत सरांचं नाव गेलं. महिनाअखेरीस अकोल्यात सादरीकरण होतं, त्यासाठी रागिणीने त्यांना नवा शर्टही आणून ठेवला होता.

आता प्रणालीचं ऐका. प्रणाली चौथीतली, गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्या कुंदनची मुलगी. कुंदन शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. पोरगी हुशार, वाचायला लागली की वर्ग गप्प होऊन ऐकायचा. पण कोणी एकदम आकडा विचारला की तिची जीभ टाळूला चिकटायची. सतराचा पाढा तिला एकटीला पुस्तकापुढे येई, खुर्चीपुढे येत नसे. मग थाळी घेऊन शेवटी. पुन्हा नंबर येईपर्यंत बाकीचे हसून घेत. असं रोज. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि प्रणाली जेवल्यावर ओकू लागली.

मधे दोन दिवस सर अकोल्याला प्रशिक्षणाला गेले होते. परत आले तेव्हा मुख्याध्यापिका सीमा मॅडम सहज म्हणाल्या, "काल-परवा प्रणाली मस्त जेवली हो. दोनदा खिचडी घेतली."

सर फळ्यावर तारीख लिहीत होते. त्यांचा हात थांबला. उत्तर समोर लख्ख दिसत होतं. त्यांनी ते पाहिलं, आणि डस्टर उचलून फळा पुसायला लागले. योगायोग असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि प्रणालीने पुन्हा उलटी केली.

मग कुंदनने समितीची बैठक बोलावली.

"माह्या पोरीले तीन आठवडे झाले," तो म्हणाला. "दुपारी खाल्लं का उलटी. राती ताटावरून तशीच उठते. सुकून चालली पोट्टी. खिचडीत काही तरी आहे."

"भांडे कसे घासले जातात तेबी पाहा," एकजण म्हणाला.

"भांड्याचं सोडा. हात कोनाचा आहे ते पाहा," दुसरा म्हणाला.

या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळला. इंदूबाई बौद्ध वस्तीतल्या. त्यांच्या हातचं आपली पोरं खातात हे गावातल्या दोन-चार जणांना पहिल्यापासून खुपत होतं. कायद्याची भीती म्हणून तोंड बंद होतं, आता निमित्त मिळालं.

इंदूबाई दारातच उभ्या होत्या. "नऊ वर्सं झाले जी मले," त्या म्हणाल्या. "तांदूळ निवडल्याबिगर पाण्यात टाकला नाही कधी. बाकीचे पोरं खातेत, त्याइले काहून होत नाही?"

सीमा मॅडम सरांकडे वळल्या. "किशोर सर, तुम्ही रोज तिथंच बसता. तुम्हाला काय वाटते?"

सगळी बैठक सरांकडे पाहू लागली. इंदूबाईसुद्धा. सरांच्या डोळ्यांपुढे सादरीकरण आलं, साहेब आले, व्हिडिओखालचे अंगठे आले. ते म्हणाले, "माझं लक्ष पाढ्यांकडे असते. नक्की काही सांगता येणार नाही."

एवढंच. खोटंही धड नाही आणि खरंही नाही. पण त्या एका वाक्याने नऊ वर्षं राबलेल्या इंदूबाईंचं काम त्याच दिवशी गेलं, आणि सरांचं पोट त्याच रात्री बिघडलं.

खिचडी शिजवायला बचत गटाच्या दोन बायका आल्या. तिसऱ्या दिवशी प्रणालीने पुन्हा उलटी केली. मग दोष पाण्याच्या टाकीवर गेला. टाकी रिकामी केली, घासली, चुन्याने रंगवली. टाकी बिचारी काही विचारू शकत नव्हती. सर हे सगळं पाहत होते आणि रोज खुर्चीवर बसत होते. खुर्ची हलवली तर लोक विचारतील का हलवली, या धास्तीने बसत होते. पाढे विचारताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत निघत नव्हता. सतराचा तर ते कोणालाच विचारत नव्हते. पण प्रणालीला ते कुठं माहीत? ती बिचारी रोज तयारीने उभी राहत होती.

तर त्या दिवशी, रागिणीला हवामानाचं सांगून ते आले त्या दिवशी, प्रणाली रांगेतच पोट धरून खाली बसली. कुंदन शेतात होता, फोन लागेना. सीमा मॅडमनी गावातली ऑटो बोलावली आणि त्या, सर आणि प्रणाली असे तिघं आरोग्य केंद्रात गेले.

तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी मूळच्या अमरावतीच्या. वय तिशीचं, बोलणं शांत. प्रणालीला त्या ओळखत होत्या, कारण मागच्याच आठवड्यात कुंदनने तिला आणून सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. त्यांनी तिला टेबलावर निजवलं, पोट दाबून पाहिलं.

"कधी दुखते गं?"

"रांगेत."

"जेवल्यावर नाही?"

"रांगेतच दुखते. मंग खाल्लं का बाहेर येते."

"असं काय असते रांगेत?"

पोरीने सरांकडे पाहिलं. मग फरशीकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाली, "सतरा."

डॉक्टरांना आधी कळलं नाही. सरांना कळलं. सीमा मॅडमनाही कळलं असावं, कारण त्यांनी प्रणालीचा हात धरला आणि तिला पाणी पाजायला बाहेर नेलं. जाताना त्यांनी सरांकडे पाहणं टाळलं.

खोलीत दोघंच उरले तेव्हा सरांनी खुर्चीचं सांगितलं. डॉक्टरांनी मागच्या आठवड्याचे रिपोर्ट पुढे ओढले.

"सर, भीती वाटली की पोट आपलं काम बाजूला ठेवते," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाचंही ठेवते. त्यात अन्न ढकललं की ते वर येते. तिला ताप नाही, जंत नाहीत, रिपोर्ट चांगले आहेत. पण पोट खरंच दुखते तिचं. ती ढोंग करत नाही, हे पहिले लक्षात घ्या."

"मी तिला कधी हात लावला नाही, मॅडम. रागावलोसुद्धा नाही. उपाशी तर कोणालाच ठेवलं नाही."

"मी तसं म्हटलंच नाही. पण सगळ्या शाळेसमोर रोज शेवटी जाऊन उभं राहायचं, आणि मग त्याच तोंडानं जेवायचं. तुम्हाला जमेल?"

"पाढे पाठ झाले पण पोरांचे," सर म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"होतात ना. भीतीनं पुष्कळ गोष्टी पाठ होतात. तुमच्याजवळ वर्ग आहे, फळा आहे, दिवसाचे पाच तास आहेत. त्यात विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. जेवणाची वीस मिनिटं तेवढी त्यांची त्यांना राहू द्या." मग त्या थांबल्या. "तुम्ही मघापासून पोटावर हात ठेवून बसले आहात. तुम्हाला काय होते?"

आणि मग बारा दिवस जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सरांनी त्या परक्या बाईला सांगितलं. प्रशिक्षणाचे दोन दिवस सांगितले, बैठक सांगितली, इंदूबाई दारात उभ्या होत्या ते सांगितलं.

डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. "ह्या जळजळीच्या आहेत, जळजळ थांबेल. तुम्हाला जी भीती बसली आहे तिच्यावर माझ्याकडे गोळी नाही. जिथं गप्प बसले तिथं जाऊन बोलावं लागेल. ओवा खा, जिरं खा, काही वाईट नाही. पण त्यानं ते काम होणार नाही."

संध्याकाळी सर इंदूबाईंच्या घरी गेले. विहाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. शाळेतलं काम गेल्यापासून इंदूबाई कापूस वेचायला जात होत्या, नुकत्याच आल्या होत्या. वाकून वाकून कंबर धरलेली, बोटांवर बोंडांचे ओरखडे. त्यांनी सरांना खाटेवर बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या.

सर म्हणाले, "इंदूबाई, खिचडी चांगली होती. ती पोरगी माझ्या पाढ्यांना भिऊन आजारी पडली."

"मले ठाऊक होतं."

सर पाहतच राहिले. "तुम्हाला?"

"मी डाव घेऊन उभी राहो जी तिथं. तुमी पोट्ट्याइचे तोंडं ऐकत होते, मी त्याइचे हात पाहत होती. त्या पोरीची थाळी थरथर करे. तुमी अकोल्याले गेले त्या दोन दिवसांत पोरगी हासत होती."

"मग बैठकीत बोलल्या का नाही?"

"मी बोलली असती तं कोनी ऐकलं असतं? खिचडीवाली सराइवर आळ घेते म्हणले असते. मॅडमनं तुमाले इचारलं तवा मले वाटलं, आता तुमी बोलसान." इंदूबाईंनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमाले ठाऊक होतं का तवा?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सरांनी मान खाली घातली. "होतं."

इंदूबाईंनी रिकामा पेला उचलला.

"माफ करा मला," सर म्हणाले.

"घरात येऊन माफी मांगता जी?" त्यांचा आवाज चढला नाही. "माह्यं नाव तिथं गेलं, भरल्या बैठकीत. नऊ वर्सं ज्या पोराइले वाढलं त्याइच्या मायबापापुढं. तिथं सांगा. इथं सांगून मले काय करायचं?"

सर गाडीपाशी आले. त्यांनी तिथूनच सीमा मॅडमना फोन लावला आणि उद्याच बैठक घ्या म्हणून सांगितलं. घरी गेल्यावर रागिणीलाही सगळं सांगितलं, त्या नव्या शर्टाच्या सादरीकरणापायी गप्प बसलो हेसुद्धा. ती म्हणाली, "त्या बाईच्या घरी चूल कशी पेटली असन हे बारा दिवस, हा इचार नाही आला तुमाले?"

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत तीच माणसं जमली. सीमा मॅडमनी निरोप पाठवून इंदूबाईंनाही बोलावलं होतं. या वेळी त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण त्या दारातच उभ्या राहिल्या.

सर उठले. रात्री त्यांनी चांगली वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "अन्नात काही नव्हतं," ते म्हणाले. "इंदूबाईंच्या हातात काही नव्हतं. प्रणाली माझ्या पाढ्यांना भीत होती. मी नसलो की ती नीट जेवत होती. हे मला मागच्या बैठकीच्या आधीच कळलं होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी बोललो नाही, कारण माझा उपक्रम जिल्ह्याला जाणार होता. माझ्यापायी एका बाईची बदनामी झाली. त्यांची आणि तुमची सगळ्यांची मी माफी मागतो."

कुंदन ताडकन उठला. "म्हणजे माही पोरगी ओकून राहिली, अन् तुमी पाहत राहिले?"

"हो."

कुंदन हात उगारतो की काय असं सगळ्यांना वाटलं. तो तसाच उभा राहिला, श्वास जोरात चालला होता. मग एकदम त्याचा चेहराच उतरला. "मीबी तेच केलं की हो!" तो म्हणाला. "व्हिडिओ पायला, मले वाटलं सर एवढं करून राहिले तं आपणबी करावं. रोज राती ताट वाढलं का मी तिले सतराचा पाढा म्हणायले लावो. म्हणूनच ते उठून जाये. अन् मी म्हणो, शाळेच्या खिचडीनं पोट बिघडलं हिचं." तो खाली बसला आणि टोपी काढून तिच्याकडे पाहत राहिला.

खोलीत आणखी दोन-तीन बापांनी नजरा चोरल्या. कोणाच्या घरी पाढे होते, कोणाच्या घरी मार्क, कोणाच्या घरी शेजारच्या पोराची हुशारी. ताट वाढलं की यांचा तास सुरू व्हायचा.

इंदूबाईंना परत घ्यायचं, यावर कोणाचंच दुमत झालं नाही. पण त्या म्हणाल्या, "मी येतो. पण एक गोष्ट. माह्या हाताची गोष्ट ज्यानं काढली, त्यानं येऊन पोराइसंगं बसून माह्या हातची खिचडी खावी. नाही तं मी कापसालेच बरी."

तो माणूस बैठकीतच होता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इंदूबाईही आल्या नाहीत. चौथ्या दिवशी कुंदन स्वतः त्याला घेऊन आला आणि मग इंदूबाईंनी पदर खोचून तांदूळ निवडायला घेतले. तो माणूस मान खाली घालून जेवला. थाळी धुवायला नेताना "चांगली झाली" एवढं म्हणाला. इंदूबाई पुढच्या पोराला वाढायला वळल्या.

सर त्या दिवशी पोरांच्या पंगतीत बसले आणि पहिल्यांदा पोटभर जेवले. जळजळ झाली नाही. पण त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल, असं समजू नका. प्रणाली पातेल्यापुढे आली की अजूनही क्षणभर थांबायची, ओठ हलवायची. कोणी काही विचारत नव्हतं, तरी थांबायची. त्या थांबण्याकडे सरांना पाहवत नसे.

सादरीकरणातून त्यांनी नाव मागे घेतलं. तरी व्हिडिओ काही मागे घेता येत नव्हता. आठवड्याभराने अमरावती जिल्ह्यातून, चांदूर बाजारकडच्या एका गावातून फोन आला. तिकडच्या शिक्षिका होत्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या.

"सर, तुमचा व्हिडिओ पाहून आम्हीही ताटापुढे पाढा सुरू केला. फारच छान रिझल्ट आहे," त्या उत्साहाने म्हणाल्या. "फक्त एक पोरगी जेवायची घंटा झाली की रडायला लागते. तुम्ही अशा मुलांचं काय करता, तेवढं सांगा ना."

सर व्हरांड्यात उभे होते. आपली चूक जांबखेडात संपली नव्हती, ती गावोगाव पोरांच्या ताटापुढे जाऊन बसली होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"मॅडम, ते चुकलं माझं," ते म्हणाले. "आमच्या इथली पोरगी आजारी पडली त्यानं. तुमच्या इथं आता घंटा झाली का?"

"होईलच दहा मिनिटांत."

"मग तिला आज सगळ्यात आधी वाढा. काही विचारू नका. तिच्याजवळ बसा आणि तुम्हीही जेवा."

त्यानंतर सरांनी स्वतःच मोबाईल पुढे धरून दुसरा व्हिडिओ केला, त्यात चूक कबूल केली आणि तो त्याच ग्रुपवर टाकला. त्याला अंगठे फारसे मिळाले नाहीत. म्हणून ज्या ज्या शाळांनी उपक्रम घेतल्याचं कळलं, त्यांना ते अजूनही एकेक फोन लावतात.

वाचकहो, भीतीने बिघडलेल्या पोटावर ओवा चालत नाही. ती भीती ज्याने घातली त्यानेच ती काढायची असते, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ती घातलेली आहे, शाळेत नाही तर घरात. पोराचे मार्क, पोरीचे पाढे, सुनेच्या चुका, म्हाताऱ्याच्या औषधाचा खर्च, हे सगळं बोलायला दिवस मोठा आहे. माणूस ताटावर बसला की त्याला जेवू द्यावं.